दुसरं गोणपाट

प्रिय किशोर,

नंबर बदललास, मग तोही बंद केलास, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. शकूचा नवरा गाडी घेऊन कळंबोलीला निघालाय, त्याच्या हाती हे देते आहे. तो म्हणाला, वहिनी, एवढ्या मोठ्या कळंबोलीत मी कुठं शोधू? मी म्हटलं, जिथं ट्रक उभे राहतात आणि जिथं चहा उधार मिळतो तिथं बघा, आमचा किशोर त्याच्या पलीकडे जात नाही. हे वाचून हसू आलं असेल तर येऊ दे. मे महिन्यापासून तुझं हसणं मी ऐकलेलं नाही, आणि खरं सांगू, ऐकलं असतं तर चपलेनेच मारलं असतं. दोन्ही खरं आहे. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास, तुझा शेंबूड पुसायचं काम तेव्हा माझ्याकडे आलं ते अजून सुटलेलं नाही. म्हणून पत्र मध्येच चुरगळून टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. सेजल सातवीत गेली, उंचीने माझ्या खांद्याला लागली. केस बापासारखे राठ आणि स्वभाव तुझ्यासारखा, एक काम सांगितलं की दोन निमित्तं पुढे करते. पहिले काही महिने मामा कधी येणार म्हणून रोज विचारायची, आता विचारत नाही. भाऊबीजेला मी ताट केलं होतं, करंज्या केल्या होत्या. तिन्हीसांजेपर्यंत रस्त्याकडे बघितलं आणि मग ज्यांना भाऊ नाही त्या बाया करतात तसं चंद्राला ओवाळलं. बीजेचा चंद्र तो केवढा, नखाएवढा, आणि तोही लगेच खिंडीमागे गेला. सेजल म्हणाली, "आये, मामा मेला काय गो?" मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग दोघी रडत बसलो.

तुझ्या भावजींबद्दल लिहिणं टाळून हे पत्र पुढे जाणार नाही. त्या एकाच माणसात तू दोन चांगू बघितलेस. पहिला प्यायचा आणि मला मारायचा. कोयत्याच्या मुठीने त्याने माझा पुढचा दात अर्धा तोडला, तो अजून तसाच आहे, हसताना मी ओठ मिटते ते त्यामुळेच. एकदा चुलीतलं जळकं लाकूड घेऊन धावला तेव्हा तू मध्ये पडलास. सोळा वर्षांचा होतास, काडीसारखा, आणि तरी हललास नाहीस. तुझा हात मोडला, महाडला नेऊन प्लास्टर घातलं, आणि डॉक्टरने विचारलं तर तू म्हणालास झाडावरून पडलो. मला त्या दिवशी वाटलं होतं, माझ्या पाठीशी कुणीतरी आहे. ही गोष्ट लक्षात ठेव, मला ती पुढे लागणार आहे.

मग तळीयेला दरड आली. आपल्या वाडीतले गडी माती उपसायला गेले, त्यात हे होते. परत आल्यावर जेवायला बसले की भाताकडे बघत राहायचे. एकदा पिऊन आले आणि म्हणाले, मैने, मी चिखलातून एक हात ओढला, नि नुसता हातच आला. त्या पावसाळ्यात त्यांनी मला सगळ्यात जास्त मारलं. मी मनात म्हणायचे, दरड तिकडं पडली नि गाडले जातोय आम्ही इकडं. आणि त्याच नाताळात एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या कुणीतरी त्यांना विपुल ब्रदरच्या प्रार्थनेला नेलं. महाडात गॅरेजवरची ती माडी तू बघितली आहेस, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी आणि पंधरा-वीस विश्वासणारे. त्या दिवसापासून दारू सुटली. मी म्हटलं, आठ दिवसांचं नाटक. आठ दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. तीन-साडेतीन वर्षं त्या माणसाचा हात माझ्यावर उठला नाही. मी कधी त्या माडीवर गेले नाही, माझा दिवा काळकाईपुढेच. पण निजताना मनातल्या मनात त्या येशूला सांगायचे, बाबा, तू कोण असशील तो अस, पण ह्याला सोडू नको.

सगळं तिथंच थांबलं असतं तर आज मी सुखात असते. पण विपुल ब्रदरने पवित्र शास्त्राचा शेवटचा भाग शिकवायला घेतला. घरी येऊन हे मला चुलीपाशी सगळं सांगायचे, म्हणून मला ते पाठ झालं. जगाचा शेवट जवळ आला की देव दोन साक्षीदार पाठवणार. त्यांच्या अंगात गोणपाट असणार, कारण जगाच्या पापाचं सुतक त्यांनी धरलेलं. साडेतीन वर्षं ते लोकांना खरं सांगत फिरणार. आभाळ बंद करायची आणि पाण्याचं रक्त करायची सत्ता त्यांच्या हातात असणार. मग खोल खड्ड्यातून एक श्वापद वर येणार आणि दोघांना मारणार. त्यांची मढी भर रस्त्यात पडणार, कुणी पुरू देणार नाही, लोक आनंदाने एकमेकांना भेटी पाठवणार. आणि साडेतीन दिवसांनी देव त्यांच्यात श्वास घालणार, ते उठून पायांवर उभे राहणार, बघणाऱ्यांची पाचावर धारण बसणार. ब्रदरने सांगितलं होतं की हे दोघं कोण ते नक्की कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं मोशे आणि एलीया, कुणी हनोखाचं नाव घेतं, कुणी म्हणतं खरं सांगणारी सगळी मंडळी म्हणजेच ते दोघं, आपण नावं लावायची नाहीत. तेव्हा ह्यांनी विचारलं, साधी माणसं असतील काय? ब्रदर म्हणाला, देव नेहमी साधीच माणसं घेतो. ब्रदर चांगला माणूस आहे, पण तेवढं एक वाक्य त्याने गिळायला हवं होतं.

ह्यांच्या डोक्यात ते वाक्य रुतलं. दारू सोडल्यापासूनचे महिने मोजू लागले. भाताच्या जुन्या गोणी उसवून दोन गोणपाटं शिवली, गळा कापून, बाह्या नसलेली. मी म्हटलं, दोन कशाला? म्हणाले, एक साक्षीदार देवाच्या दरबारातसुद्धा चालत नाय, दोन लागतात. दुसरा कोण? तर तू. तू दात काढत ते अंगात घातलंस, मोबाईल व्हिडिओ काढायला सेजलच्या हातात दिलास आणि ओरडलास, "भावजी, माझं वरचं तिकीट कन्फर्म हाय काय?" तुझ्यासाठी ती थट्टा होती रे, आणि मीही पोट धरून हसले. पण त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना केली. त्यांच्या लेखी ते ठरलं. त्यानंतर पोलादपूरच्या बाजारात त्यांच्यासोबत गेलास तेही गंमत म्हणूनच. स्टँडसमोर उभे राहून ते सांगत होते की पाणी नासणार, डोंगर खाली येणार, जागे व्हा. लोक आधी हसले, मग कुणी टोमॅटो मारला, मग पाच-सहा प्यालेली पोरं पुढे आली. त्यांनी ह्यांना रस्त्यावर पाडून लाथा घातल्या, तोंडात शेण कोंबलं, गोणपाट फाडून गळ्याभोवती आवळलं. कानातून रक्त आलं. तू तेवढ्यात तुझं गोणपाट काढून बगलेत मारलंस आणि गर्दीत उभा राहिलास, बाजार करायला आलेल्या माणसासारखा. हे मला त्यांनीच सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही. मी हळद लावत होते आणि ते म्हणाले, "किशोर लहान हाय गो. फुडल्या येळी थांबंल."

मे महिना आला. रावजीच्या पोरीचं लग्न होतं, त्यांची मुंबईची सगळी माणसं आलेली, वाडीत मांडव पडलेला. पाण्याचे हाल तर तुला माहीतच. वहाळ आटून एक डोह उरतो, त्यावरच माणसं आणि त्यावरच जनावरं. तू तेव्हा टँकरवर क्लीनर म्हणून लागून दोनेक महिने झाले होते. मला सांगायचास, बांधकामाचं साधं पाणी वाहतो. हळदीच्या दिवशी उजाडता उजाडता तू आलास, पॅन्ट मोरीत टाकलीस आणि गोधडीत शिरलास. पॅन्ट गुडघ्यापर्यंत लालभडक. मी ओरडले, तर आतून म्हणालास, मांडवाच्या पडद्यांना रंग देत होते त्यात पाय पडला. मी बडबडत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घेतलं आणि ती चोळत बसले. साबण संपला पण डाग हटेना. माझे तळवे गुलाबी झाले, ते राखेने घासले तरी निघेनात. तसेच हात घेऊन भाकऱ्या थापायला बसले, आणि तेवढ्यात डोहाकडून बनुबाईची किंकाळी आली. बनुबाई म्हणजे रावजीची बायको, एरवी तिचा आवाज घराबाहेर ऐकू येत नाही.

आम्ही धावलो. डोह लाल झाला होता. नुसता गढूळ नव्हे रे, बोकड कापल्यावर परात दिसते तसा लाल. रावजीच्या दोन्ही म्हशी पाणी पिऊन काठावर पडलेल्या. एक तडफडत होती, शिंगं खडकावर आपटून आपटून एक मुळापासून तुटलं होतं, तोंडातून फेस, आणि डोळे आपल्याकडे. दुसरी मेली होती. बनुबाईचा नातू ऋत्विक सकाळीच ते पाणी प्यालेला, तो ओकत होता, त्याला तेवढ्यात कुणीतरी मोटरसायकलवर घालून महाडला नेला. (पोर वाचलं, देवाची कृपा.) आणि त्या सगळ्या आरड्याओरड्यात तुझे भावजी गोणपाट घालून डोहात उतरले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ओंजळ भरून बघत होते, आणि किशोर, त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. मला आजही त्याचा राग येतो. रावजी काठावरून म्हणाला, चांग्या, तू बाजारात सांगत होतास ना पाण्याचं रक्त होणार म्हणून, हे तू केलंस काय? नाय म्हणायला त्या माणसाचं काय जात होतं? तो म्हणाला, "व्हय. देवानं माझ्या हातून केलं."

पुढचं तू बघितलं आहेस, पण तू अर्धंच बघून गेलास, म्हणून सगळं लिहिते. रावजीच्या भावकीतले पाच जण मांडवाचे बांबू उपसून आणायला धावले. पहिला बांबू खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. ह्यांनी हात वर केला नाही. मी पाण्याकडे धावले तर बायांनी मला काठावरच दाबून धरली, एकीने माझ्या केसांना वेढा दिला होता. प्रवीण, तो नालासोपाऱ्याचा, दोन वर्षांपूर्वी ह्यांच्याच ताटातली भाकरी खाऊन गेलेला, त्याने धोंडा उचलला. बांबू फुटून त्यांच्या कामट्या झाल्या तरी मारत होते, आणि प्रत्येक घावाला जे उडायचं त्यात रक्त कुठलं आणि पाणी कुठलं ते ओळखू येत नव्हतं. एकदा ते गुडघ्यांवर उठले. त्यांचा एक डोळा गेला होता. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी वर बघितलं, जांभळीखाली तू उभा होतास, आणि मोडक्या जबड्याने त्यांनी हाक मारली, "किशोर, सांग रे ह्यांना." सगळी वाडी वळून तुझ्याकडे बघायला लागली. बांबू थांबले होते. खरंच थांबले होते, किशोर. रावजीसुद्धा थांबला होता. तू मागे सरकलास, मग वळलास, आणि खिंडीच्या वाटेने चालू लागलास. मग रावजी म्हणाला, बघा, ह्याचा साक्षीदारबी पळाला. आणि त्या पाच जणांनी ह्यांना पाण्याखाली धरलं.

मढं डोहाच्या काठी वाटेत पडून होतं. पोलीस येईपर्यंत कुणी त्यावर फडकं टाकू दिलं नाही. इकडे लग्न थांबलं नाही, मुहूर्त चुकवायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी घरोघर बुंदीचे लाडू वाटले, आमचं एक दार सोडून. शास्त्रात लिहिलंय ना, लोक एकमेकांना भेटी पाठवतील, तसंच. महाडला चिरफाड झाली, त्यातच दोन दिवस गेले. वाडीने सांगितलं की मढं इकडं आणायचं नाही. मग ब्रदरने महाडबाहेर एका विश्वासणाऱ्याच्या शेतात खड्डा खणून घेतला आणि मढं त्याच्याच पडवीत बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. ब्रदर म्हणाला, ताई, उन्हाच्या आत उरकू. पण तिथल्या चंद्रभागा म्हातारीने हात जोडले, दुपारपर्यंत थांबा, साडेतीन दिवस पुरे होऊ द्या. ब्रदर तिला समजावू लागला की चांगूभाऊ तो साक्षीदार नव्हता, शास्त्राचा तसा अर्थ नाही. आणि मी, जिने ते पुस्तक कधी उघडलं नाही, मी म्हटलं, थांबा. बर्फ वितळून पाणी अंगणात वाहत होतं. माशा हाकत मी त्यांच्या छातीकडे बघत बसले. एकदा कापड हललं तर मी ते खसकन वर केलं, पण तो वारा होता. दुपार टळली. मी त्यांचा हात हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि म्हटलं, आता न्या.

पुढे पावसाळा आला आणि डोह निवळला. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला असेल? चांग्या मेला आणि पाणी शुद्ध झालं. म्हणजे मारलं तेच बरोबर. मी घसा फोडून सांगितलं की कुणाच्या विद्येने पाणी लाल होत नाही, खिंडीतल्या वळणावर कुणीतरी एमआयडीसीतल्या केमिकलचा टँकर वहाळात ओतला असणार. तर म्हणाले, बायको असंच बोलणार. टँकरचा मालक, तुझा तो शेठ, त्याने पोलिसांना लिहून दिलं की आमची गाडी त्या रस्त्याला कधी गेलीच नाही. पाचही जण जामिनावर सुटून आलेत. पाणवठ्यावर मी रांगेत हंडा लावला की काढून ठेवतात. सेजलला भुताळ्याची पोर म्हणतात. एकटी बनुबाई कधीमधी परसदारी गुपचूप एक हंडा ठेवून जाते, वर बघत नाही, बोलत नाही. सरकारी वकील अनुपमा मॅडम सांगतात, त्यांचा वकील असं मांडणार की मयताने स्वतःच्या तोंडाने पाण्यात विष कालवल्याचं कबूल केलं होतं, म्हशी मेल्या, पोर मरायला टेकलं, माणसांचा तोल गेला. टँकर बघितलेला माणूस उभा राहिला नाही तर चांगू विष कालवणाराच ठरणार, मेल्यावरही.

आणि आता जे झालं ते. गेल्या आठवड्यात डोह पुन्हा लाल झाला. ह्या वेळी जनावर कुणी पाण्यावर नेलं नाही, म्हणून मेलं काही नाही. पण देवळात बैठक बसली, बाहेरून भगत आणला, आणि त्याने सांगितलं की बापाची विद्या पोरीत उतरली आहे. दुसऱ्याच दिवशी शाळेतून येताना सेजलवर दगड आले. कपाळ फुटून डोळ्यावर रक्त उतरलं होतं, दप्तर टाकून धावत आली, माझ्या अंगावर कोसळली. टाके घातलेत, डोळा वाचला. रावजी दारात आला होता. ओरडला नाही, शांतपणे म्हणाला, "मैने, पोरीला सांग, पाणी सोड म्हणावं. नायतर आमाला पुन्ना उतरावं लागंल." मी कोयता उशाला घेऊन झोपते. बनुबाईने काल हंडा ठेवताना पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाली, पोरीला तिच्या मामाकडं धाड. कुठल्या मामाकडे पाठवू, सांग.

आता ऐक, हे पत्र कशासाठी लिहिलं ते. त्या पडवीत मी त्यांचा हात हातात घेतला तेव्हा त्यांचा तळवा गुलाबी होता, डोहाच्या पाण्याने रंगलेला. त्याच्याशेजारी माझा तळवा, तोही तस्साच, तोच रंग. त्यांचा डोहात रंगला. माझा मात्र बनुबाईची किंकाळी यायच्या आधीच रंगला होता, तुझी पॅन्ट चोळून. तेव्हापासून मला ठाऊक आहे, किशोर. खिंडीतला तो रस्ता शेठच्या माणसांना कुणी दाखवला हेही ठाऊक आहे, आणि मढ्याच्या हातात हात ठेवून मी हे गिळलं, कारण तू माझा भाऊ. तुला म्हशी मरतील, पोर ओकेल, माणूस मरेल हे ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर मानते. पण त्यांनी "सांग" म्हटलं तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं होतं. 'टँकर' एवढा एकच शब्द. अनुपमा मॅडम म्हणतात, महाडच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर येऊन सगळं खरं सांगितलं तर माफीचा साक्षीदार होता येतं. शेठ तुला सोडणार नाही, हे मला कळतं. तू सुखरूप राहशील असं खोटं मी लिहिणार नाही, साक्षीदारांचं काय होतं ते आपण दोघांनी बघितलं आहे. पण जळक्या लाकडापुढे हलला नाही तो सोळा वर्षांचा पोरगा अजून तुझ्यात कुठंतरी असेल, मला तो परत हवा आहे. सोमवारी सकाळपासून मी महाडच्या एसटी स्टँडवर बसते, सेजल सोबत असेल, तिला आता वाडीत एकटी ठेवत नाही. माझ्या पिशवीत तुझी पॅन्ट आहे आणि खुंटीवरचं ते दुसरं गोणपाटही आहे, त्यांनी तुझ्यासाठी जपून ठेवलेलं. दुपारपर्यंत आलास तर आपण तिघं मिळून कोर्टात जाऊ आणि तू आपल्या तोंडाने सांगशील. नाही आलास तर पॅन्ट घेऊन मी एकटी जाईन, आणि कुणाची म्हणून विचारलं तर तुझं नाव सांगेन. भाऊ म्हणून एवढे महिने थांबले, आता पोरीसाठी थांबता येणार नाही. पनवेलहून पहाटेची पहिली गाडी धर. उपाशी निघालास तरी चालेल, भाकऱ्या मी तुझ्याही बांधून आणते.

तुझीच,
मैनाताई